पेठ आणि पाताळ

साहसकथेचा विचार करताना टीकाकाराची दृष्टी बहुधा साहसावरच खिळून राहते. नायक घराबाहेर पडला तेव्हा त्याने बरोबर काय बांधून घेतले, ते कोठून घेतले आणि त्याचे मोल कोणी चुकविले, हे प्रश्न तिला क्षुल्लक वाटतात. वस्तुतः ते तसे नाहीत. ‘मेघदूता’तील राजहंसदेखील उत्तरेकडे निघताना कमळाच्या कोवळ्या देठांचे पाथेय घेऊन निघतात, आणि त्या एका तपशिलाने त्यांच्या उड्डाणाला अंतर प्राप्त होते. डॅनियल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’तून (१७१९) वाचकाच्या स्मरणात जे टिकते ते नरभक्षकांशी झालेले युद्ध नव्हे, फुटक्या जहाजावर पुन्हा पुन्हा खेपा घालून क्रूसोने किनाऱ्यावर आणलेले धान्य, बंदुकीची दारू आणि सुताराच्या हत्यारांची पेटी हेच टिकते. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४–५५) देवघेवीचे प्रसंग फारच थोडे आहेत, तरीही ब्री गावात एक मरतुकडे तट्टू बारा चांदीच्या पेनींना, म्हणजे त्याच्या खऱ्या किमतीच्या निदान तिपटीने विकत घेतले जाते आणि ते पैसे खाणावळीचा मालक स्वतःच्या पदरचे भरतो, हा प्रसंग त्या महाकाय ग्रंथात विलक्षण खरा वाटतो. पाताळाकडे जाणाऱ्या वाटेवर कोणीतरी भाव सांगितला, आणि कोणीतरी तो चुकता केला.

टोल्किनच्याच सृष्टीतून नावे उसनी घेतलेल्या दोन संगणकीय खेळांनी, ‘मोरिया’ व ‘अँगबँड’ यांनी, हा गौण प्रसंग आपल्या रचनेच्या केंद्राजवळ आणून ठेवला. या खेळांना त्यांच्या मूळ पुरुषावरून ‘रोगलाइक’ म्हणतात. ‘रोग’ हे नाव मराठी कानाला अपशकुनी वाटेल; मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ लुच्चा किंवा भामटा असा आहे. मायकेल टॉय, ग्लेन विचमन व केन आर्नल्ड यांनी कॅलिफोर्नियात १९८० च्या सुमारास रचलेल्या या खेळात एक एकटा वीर भुयारात उतरतो, प्रत्येक वेळी यंत्र त्या भुयाराची मांडणी नव्याने करते, आणि वीर मेला की तो कायमचा मेला. मागे जाऊन चूक सुधारण्याची सोय नाही. सारे दृश्य अक्षरांनी व विरामचिन्हांनी रेखाटलेले असते. भिंती, दारे, राक्षस आणि स्वतः वीरही टंकयंत्राच्या खुणांनीच दर्शविला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने या कृतींकडे वळावे यासाठी दुसरे समर्थन देण्याची आवश्यकता नसावी. येथे वाचल्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही.

‘रोग’मध्ये दुकान नाही. अन्न, शस्त्र, औषध जे काही लाभायचे ते भुयारातच लाभते. अंतिम ताईत हाती येईपर्यंत वर चढण्याची मुभाही नाही. भूक वीराला मागून ढकलते आणि तो सव्वीस मजले खाली खाली जात राहतो. या रचनेला एक उग्र शुद्धता आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि तिच्यातील वीराला पूर्वविचार असा नाहीच. जे दैव पुढ्यात टाकील त्याचा विनियोग करणे एवढीच त्याची बुद्धी. तो कुशल असू शकतो, दूरदर्शी असू शकत नाही.

ओक्लाहोमा विद्यापीठात शिकत असलेल्या रॉबर्ट ॲलन कोएनेके याला हा खेळ फार प्रिय होता. ज्या यंत्रावर पुढे त्याला काम करावे लागले त्यावर तो उपलब्ध नव्हता, म्हणून त्याने आपलाच एक खेळ लिहावयास घेतला, आणि १९८३ च्या सुमारास ‘मोरिया’ लोकांपुढे आला. जेम्स विल्सन याने तो दुसऱ्या संगणकभाषेत उतरविल्यावर त्याचा प्रसार वाढला, आणि १९९० मध्ये इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात ॲलेक्स कटलर व अँडी ॲस्ट्रँड यांनी त्याच मुळावर ‘अँगबँड’ उभारले. कोएनेकेने मूळ कल्पनेत जी भर घातली तिच्यापैकी सर्वांत दूरगामी भर म्हणजे भुयाराच्या तोंडावरचे गाव होय. एका पडद्यात मावेल एवढे ते गाव. त्यात सहा दुकाने. दुकानांवर पाट्या नाहीत, दारांच्या जागी केवळ आकडे आहेत: १ म्हणजे किराणा, २ म्हणजे चिलखते, ३ म्हणजे शस्त्रे, ४ म्हणजे देऊळ, ५ म्हणजे किमयागार, ६ म्हणजे जादूच्या वस्तू. ‘अँगबँड’ने ७ हा काळाबाजार आणि ८ हे वीराचे स्वतःचे घर यांची भर घातली. या क्रमात पुढे एक मार्मिक फेरबदल झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ४.२ या आवृत्तीत चौथ्या क्रमांकाचे देऊळ नाहीसे झाले आणि त्याच्या जागी ग्रंथविक्रेता आला. मंत्रविद्येच्या वाटणीत बदल झाल्यामुळे असे करावे लागले असले, तरी ग्रंथप्रेमी वाचकाला त्यात एक क्षणिक समाधान लाभल्यास त्याला दोष देता येणार नाही.

या गावाचे पहिले वैशिष्ट्य असे की संपूर्ण खेळात तेच एक स्थिर असते. ‘मोरिया’ व ‘अँगबँड’मधील भुयाराचा कोणताही मजला सोडला की तो पुसला जातो; त्याच जिन्याने परत आले तरी नवीनच मजला उभा राहतो. वीराने ज्या दालनात तासभर झुंज दिली, ज्या कोपऱ्यात न पेलणारे चिलखत ‘नंतर नेऊ’ म्हणून ठेवले, त्या दालनाला व कोपऱ्याला पाठ फिरवताच अस्तित्व उरत नाही. परत येण्याजोगी जागा एकच, ती म्हणजे पेठ. वीराच्या चरित्रात स्मृती म्हणून जे काही आहे ते तिथल्या आठ आकड्यांच्या भोवती साठते. तिथेच दिवस उजाडतो व रात्र पडते; भुयारात काळ आहे, पण प्रहर नाही.

गाव सुरक्षित आहे असे मात्र समजू नये. त्याच्या बोळांतून भणंग भिकारी, गाणारे दारुडे, भाकड कुत्री आणि वाट चुकलेले व्यापारी हिंडत असतात, आणि त्यांच्यात एखादा खिसेकापू असतो, जो नुसत्या स्पर्शाने वीराची थैली हलकी करून अदृश्य होतो. जुन्या आवृत्तींत टोल्किनच्या कादंबरीतला शेतकरी मॅगट याच गल्ल्यांतून भटकत असे. पहिल्या प्रवेशात दुर्बळ जादूगार किराणा दुकानाच्या दारापाशी पोहोचण्यापूर्वीच एखाद्या जुन्या लढवय्याच्या हातून मरावा, ही घटना या खेळाच्या रसिकांना नवी नाही. हा विनोद क्रूर आहे, पण त्यात एक धोरण दिसते. बाजारात जाणे हेही बाहेर पडणेच होय, हे खेळ पहिल्या काही पावलांतच सांगून टाकतो.

आता खरेदीकडे वळावे. नवख्या वीराजवळ थोडे सोने असते, आणि त्या सोन्यात मावतील त्यापेक्षा अधिक गरजा असतात. मशाली हव्यात, कारण मशाल जळून जळून संपते आणि अंधारात मंत्र वाचता येत नाही. शिधा हवा. जखमा बऱ्या करणारी औषधे हवीत. शत्रू अंगाशी येताच दहा पावले दूर नेऊन टाकणारी एक स्वस्त गुंडाळी मिळते, ती हवी. अंगात काही चिलखत हवे. आणि तेलाच्या कुप्या हव्यात. मूळ हेतूने त्या कंदिलासाठी असल्या, तरी फेकून मारल्या असता पेट घेतात, आणि आरंभीच्या मजल्यांवर कोणत्याही तरवारीपेक्षा त्या अधिक उपयोगी पडतात. किराणा दुकानातला सर्वांत सामान्य जिन्नस हाच सर्वांत प्रभावी शस्त्र ठरावा, हे ज्ञान नवशिक्याला अनेक मरणांनंतर होते. ज्याने पहिल्या खेपेला दिसायला भारदस्त तरवार घेतली तो पहिल्याच रात्री संपला, आणि ज्याने पंधरा कुप्या तेल घेतले तो चार मजले उतरला, असे या खेळाचे एक लौकिक शहाणपण आहे.

पण या शहाणपणाहून महत्त्वाचे आहे ते खरेदीमागचे मनोव्यापार. दुकानात उभा असलेला खेळाडू वस्तू निवडत नसतो. तो आपल्या भावी मरणाच्या विविध रीती कल्पून त्यांच्यातून एकेकीला वर्ज्य करीत असतो. औषध घेतले तर जखमेने मरणे लांबते, पण वेढ्यात सापडून मरणे शक्य राहते. गुंडाळी घेतली तर वेढा चुकतो, पण विषबाधा, अंधत्व, उपासमार उरतेच. सर्व मरणांवरचा उतारा विकत घेण्याइतके सोने कधीच नसते. शिवाय ओझ्याची मर्यादा आहे. पिशवीत वीस-बावीस प्रकारचेच जिन्नस मावतात, आणि वजन शक्तीपलीकडे गेले की चाल मंदावते; मंद चालीचा वीर म्हणजे अर्धा मेलेला वीर. तेव्हा प्रत्येक वस्तू दोनदा मोजावी लागते, एकदा सोन्यात आणि एकदा वजनात. कादंबरीकार पात्राच्या हाती एखादी वस्तू देतो तेव्हा पुढील प्रकरणांत तिचे काय होणार हे त्याला ठाऊक असते. येथे ते कोणालाच ठाऊक नाही, कारण ते प्रकरण अजून लिहिले गेलेले नाही आणि यंत्रही ते वीर जिना उतरेल तेव्हाच लिहिणार आहे. अशा स्थितीत केलेल्या खरेदीला कल्पनाशक्तीचे कार्य म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. भय येथे प्रथम दुकानात अनुभवले जाते. भुयारात त्याची केवळ प्रचीती येते.

या सर्व मालात एक वस्तू अशी आहे की तिच्याभोवती या खेळाची संपूर्ण लय फिरते. ती म्हणजे परतीची गुंडाळी. ती वाचली असता भुयारातला वीर गावात येतो आणि गावातला वीर आपण पूर्वी गाठलेल्या खोलीवर जाऊन पोहोचतो. ‘मोरिया’ व ‘अँगबँड’ दोहोंत प्रत्येक मजला पन्नास फुटांचा मानला आहे. ‘मोरिया’त पन्नासाव्या मजल्यावर बॅलरॉग आहे, ‘अँगबँड’मध्ये नव्याण्णवाव्यावर सौरॉन आणि शंभराव्यावर मॉरगॉथ आहे. एवढे अंतर पायऱ्यांनी चढून येणे व्यवहारतः अशक्य असल्यामुळे गुंडाळीवाचून गाव निरर्थक ठरले असते. आणि ती गुंडाळी गावातच विकली जाते. म्हणजे परतीची वाट ही निघण्यापूर्वी, रोख पैसे मोजून, विकत घ्यावयाची आहे. अलीकडील आवृत्तींत आरंभीच्या सामानातच एक गुंडाळी दिलेली असते. जुन्या खेळांत ती मिळविण्याइतके सोने साठेपर्यंत वीराला पायऱ्यांच्या आसपासच घुटमळावे लागे. दोन्हीपैकी जुनी रीत अधिक कठोर व अधिक चांगली होती, कारण तीत परतीचा अधिकार मिळवावा लागत असे.

शिवाय ही गुंडाळी वाचताच काम करीत नाही. ‘अँगबँड’मध्ये तिचा प्रभाव पडण्यास सुमारे पंधरा ते पस्तीस फेऱ्या लागतात. तेवढ्या अवधीत चारदा मरता येते. म्हणून संकट कोसळल्यावर वाचलेली गुंडाळी बहुधा वाया जाते. ती संकटाच्या आधी, सारे काही ठीक चाललेले असताना वाचावी लागते. दूरदृष्टी एकदा पेठेत दाखवावी लागते आणि दुसऱ्यांदा पाताळात. ज्या खेळाडूला आणखी एकच दालन पाहण्याचा मोह आवरत नाही त्याच्या पिशवीत ती तशीच राहते. ग्रीक शोकान्तिकेतील नायकाच्या प्रमादाविषयी जे विपुल लिहिले गेले आहे ते सगळे येथे लागू करण्याचे कारण नाही. पण मोह व विलंब यांचे हे गणित त्याच जातीचे आहे, हे मात्र नाकारता येणार नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयीची जी तीन तत्त्वे मानली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांच्या साहाय्याने ‘रोग’ व ‘मोरिया’ यांतला फरक नेमका सांगता येईल. ‘रोग’ची गती एकाच दिशेची आहे, एकामागून एक येणारे मजले परस्परांशी संवाद साधतात, तणाव चढत जातो, आणि विरोध असा फक्त मृत्यूचा. ‘मोरिया’त मात्र उतरणे व परतणे, अंधार व बाजार, खर्च व साठवण असे विरोधी घटक आळीपाळीने येतात. दहा मिनिटांपूर्वी ज्याच्या मागे राक्षसांची टोळी लागली होती तोच वीर किराणा दुकानात शिधा घ्यावा की मशाल घ्यावी या विवंचनेत उभा असतो. मात्र यातून समतोल साधला जातो काय, हा प्रश्न या खेळांनी पुरतेपणी सोडविलेला नाही. आणि त्याचे कारण पेठेच्या दुसऱ्या अंगात, म्हणजे भाव ठरविण्यात व विक्रीत, सापडते.

कोएनेकेच्या ‘मोरिया’त दुकानदाराला नाव होते, वंश होता आणि स्वभाव होता. तो एक भाव सांगे, खेळाडू दुसरा सांगे, आणि घासाघीस सुरू होई. फार कमी भाव सांगितला तर दुकानदार अपमान मानी. अपमानांची त्याची सहनशक्ती संपली की तो गिऱ्हाइकाला बाहेर काढी आणि काही काळ दुकान त्याला बंद असे. उलट, चांगली बोलणी करणाऱ्या गिऱ्हाइकाची तो खूण ठेवी आणि पुढे त्याच्याशी घासाघीस न करता एकदम अखेरचा भाव सांगे. भावावर वीराच्या लाघवाचा परिणाम होई, आणि त्याच्या वंशाचाही. अर्ध-ऑर्क किंवा अर्ध-ट्रोल असलेल्या वीराला तीच वस्तू महाग पडे. राक्षसांना ठार मारून गावाचे रक्षण करणाऱ्या वीरालाही दुकानाच्या फळीपुढे आपल्या जन्माची किंमत मोजावी लागे. लेखकाच्या मनात समाजटीका होती असे मानण्यास आधार नाही. तो कोष्टक भरीत होता. पण कोष्टकातही कधीकधी समाज उमटतो, आणि संपूर्ण खेळात माणूस माणसाला ‘तू कोण’ असे विचारतो तो हाच एक प्रसंग होता.

पुढील काळात ‘अँगबँड’ने घासाघीस प्रथम ऐच्छिक केली आणि मग काढून टाकली, तिच्यामागोमाग लाघव हा गुणही वीराच्या गुणयादीतून गळाला. या निर्णयाविषयी हळहळणारे रसिक आहेत. त्यांची हळहळ समजण्यासारखी असली, तरी निर्णय योग्यच होता. घासाघिशीत खरी अनिश्चितता फार थोडी होती. सराईत खेळाडू ठरावीक पायरीने भाव वाढवीत जाई आणि ठरावीक ठिकाणी सौदा मिटे. पहिल्या पाच वेळा जो संवाद होता तो पन्नासाव्या वेळी केवळ बोटांचा व्यायाम झाला. ज्या कृतीत निवड उरली नाही ती कृती, तिचा बाह्य आकार कितीही मानवी असला तरी, कलाकृतीत भार होऊन बसते. मात्र घासाघिशीबरोबर दुकानदाराचा चेहराही गेला, हे नुकसान नोंदविलेच पाहिजे. आकड्याच्या दारामागे आता माणूस जवळजवळ नाही. आहे ती वस्तूंची आणि किमतींची यादी.

विक्रीचा प्रश्न याहून बिकट आहे. जुन्या खेळांत भुयारातून आणलेला माल विकूनच सोने मिळे. त्यामुळे पेठ व पाताळ यांच्यामध्ये दुहेरी नाते होते. खालचे वर येई, वरचे खाली जाई, आणि प्रत्येक दुकानदाराची एक कमाल मर्यादा असल्यामुळे चाळिसाव्या मजल्यावरची अलौकिक तरवारसुद्धा त्या मर्यादेपलीकडे मोल पावत नसे. पाताळातले वैभव पेठेत आले की त्याला पेठेचेच माप लागते, ही जाणीव मोठी अर्थपूर्ण होती. परंतु तिच्या पोटी एक कंटाळवाणा उद्योगही जन्माला आला. खेळाडू हमाल झाला. गंजलेली पाती, फाटकी चिलखते, जे दिसेल ते उचलून गावात नेणे आणि दारोदार फिरून खपविणे यात तासन्‌तास जाऊ लागले. त्यावर उतारा म्हणून नव्या ‘अँगबँड’ने असा पर्याय आणला, आणि ४.२ मध्ये खेळाडूने मुद्दाम बदल न केल्यास तोच लागू असतो, की दुकानदार वस्तू ठेवून घेतो, तिचे गुणधर्म कळतात, परंतु मोबदला शून्य. त्याची भरपाई म्हणून भुयारात सापडणारे सोने वाढविलेले असते. लिनली हेन्झेलच्या १९९७ मधील ‘डंजन क्रॉल’ या खेळातून २००६ मध्ये पुढे आलेला ‘स्टोन सूप’ याहून निष्ठुर आहे. त्याची दुकाने भुयारातच आहेत आणि ती काहीही विकत घेत नाहीत. फायद्याची असली तरी कंटाळवाणी ठरणारी कोणतीही गोष्ट खेळाडूला करावी लागू नये, हे त्याच्या रचनाकारांनी उघडपणे मांडलेले तत्त्व आहे.

हे तत्त्व आकर्षक आहे, आणि त्याच्या प्रभावाखाली गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रकारच्या खेळांतून पुष्कळसे गवत उपटले गेले आहे. तथापि कंटाळा व सामान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद त्यात पुसट होतो. हमाली हा कंटाळा होता. तो गेला हे उत्तम झाले. पण शून्य मोबदल्यात वस्तू स्वीकारणारा दुकानदार ही कल्पना, कितीही सोयीची असली, तरी कल्पना म्हणून पोकळ आहे. जो देतो पण घेत नाही, किंवा घेतो पण देत नाही, त्याला दुकानदार म्हणणे कठीण. ‘स्टोन सूप’ने निदान गावच ठेवले नाही, त्यामुळे त्याची भूमिका सुसंगत राहते. ‘अँगबँड’ने गाव ठेवले आणि त्यातला व्यवहार अर्धा केला. परिणामी पेठेचे रूप हळूहळू कोठारासारखे होत चालले आहे. त्यात भर म्हणजे मध्यावर पोहोचलेल्या वीराला साध्या दुकानांत घेण्याजोगे फारसे उरतच नाही. औषधे, परतीची गुंडाळी आणि काळ्याबाजारातला एखादा अवाच्या सवा किमतीचा जिन्नस एवढ्यासाठीच तो वर येतो. आरंभी जी यादी भयाने लिहिली जात होती ती आता सवयीने लिहिली जाते. कृतीचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सधन नाही, हा दोष ‘मोरिया’पासून चालत आलेला आहे आणि कोणत्याही आवृत्तीने तो समूळ काढलेला नाही. जे निष्णात खेळाडू गावात कधीच परत न येण्याचा निर्बंध स्वतःवर घालून खेळतात त्यांचा आग्रह याच दोषातून निघाला असावा.

पेठेला पाताळातच नेऊन बसविण्याचा दुसरा मार्ग १९८७ च्या ‘नेटहॅक’मध्ये दिसतो, आणि दुकानदाराच्या चित्रणात तो खेळ निःसंशय श्रेष्ठ आहे. तेथे दुकान हे एक खरे दालन असते. वस्तू जमिनीवर मांडलेल्या असतात, आणि गिऱ्हाइकाने एखादी उचलताच दुकानदार दारात येऊन उभा राहतो. कुदळ हाती असलेल्याला तो आत येऊ देत नाही, कारण कुदळवाला भिंत फोडून पळून जाईल. प्रवाशाच्या वेषातल्या अननुभवी वीराला तो एक तृतीयांश अधिक भाव लावतो. वीराचा पाळीव कुत्रा मात्र वस्तू तोंडात धरून बाहेर नेऊ शकतो, आणि त्याबद्दल दुकानदाराला काही करता येत नाही. भाव हे तेथे ज्ञानाचेही साधन आहे. अज्ञात गुंडाळी दुकानात टाकली की दुकानदार किंमत सांगतो, आणि मूळ किंमत वीस निघाली तर ती वस्तू ओळखण्याचीच गुंडाळी हे जाणकाराला कळते. दुकानदाराला सत्य ठाऊक असते. तो ते भावाच्या भाषेत बोलतो. खाणीतल्या गावात दिव्यांचे दुकान चालविणाऱ्याचे नाव इझाक असते. या खेळाच्या रचनाकारांपैकी एक, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक इझाक मिलर, १९९४ मध्ये निवर्तले. त्यांच्या मित्रांनी त्यांना दिलेली ही आदरांजली होय. अंधाऱ्या भुयारात दिवे विकणारा माणूस म्हणून मित्राची आठवण ठेवावी, यातले औचित्य विवेचनाची अपेक्षा ठेवीत नाही.

तरीसुद्धा ‘नेटहॅक’चे दुकान हे वाटेत भेटणारे दुकान आहे, त्यासाठी निघावे लागत नाही, ते असेलच असेही नाही. ‘मोरिया’ची पेठ हे निघण्याचे स्थान आहे. जपानमधील चुनसॉफ्टने १९९३ साली तोर्नेको या व्यापाऱ्यालाच वीर करून भुयारात धाडले आणि त्याने आणलेल्या धनावर गावातले त्याचे दुकान वाढत जाते असे दाखविले. १९९६ च्या ‘डायाब्लो’ने ‘मोरिया’कुलाचे ऋण घेऊन ट्रिस्ट्रम गाव उभे केले, जिथे वर्ट नावाचा पोरगा आपल्याजवळची वस्तू नुसती दाखविण्याचेच पन्नास मोहरा मागतो. दुकानदाराला चेहरा परत मिळाला तो या वंशजांत. परंतु ‘डायाब्लो’त मेलेला वीर जतन केलेल्या खेळातून पुन्हा उठू शकतो, आणि म्हणून तिथली खरेदी चुकली तर चुकते एवढेच. ‘मोरिया’कुलातली खरेदी चुकली तर ती दुरुस्त करण्यास कोणी उरत नाही. तीच तेलाची कुपी, तेच औषध. एका ठिकाणी त्या उपयोगाच्या वस्तू आहेत, दुसऱ्या ठिकाणी त्या अखेरच्या इच्छापत्रातील नोंदी आहेत.

याची साक्ष खेळ स्वतःच, आपल्या शेवटच्या पानावर देतो. वीर मेल्यावर पडद्यावर थडगे उमटते. त्यावर नाव, पातळी, जवळचे सोने आणि कोणी मारले ते कोरलेले असते. त्यानंतर खेळाडूला मृताच्या पिशवीची यादी पाहता येते, आणि या यादीत जिवंतपणी न ओळखलेल्या सर्व वस्तूंची खरी नावे प्रकट होतात. भुयारात सापडलेली, चव घेण्याचे धैर्य न झालेली ती कुपी सर्व जखमा भरून काढणारी होती, हे तेव्हा कळते. त्याच्या खाली शिधा, दोन मशाली, तेलाच्या सात कुप्या. आणि कोठेतरी मध्ये, किमयागाराच्या दुकानातून पूर्ण भाव देऊन घेतलेली, परतीची एक गुंडाळी, न वाचलेली. एक कळ दाबली की यादी मिटते. दुसरी दाबली की नवा वीर गावात उभा राहतो, थैलीत थोडे सोने, आणि भोवती आकड्यांची दारे.